रात्री खिडक्या कोण उघडणार?

"मृण्मयीच्या नकाशातल्या खोलीकडे नुसतं पाह्यलं तरी गार वाटते बाप्पा," सासूबाई म्हणाल्या.

मी स्टुलावर उभी राहून कूलरच्या जाळीत नवा वाळा भरत होते. बोटांना काड्या टोचत होत्या, घाम डोळ्यांत उतरत होता.

"कागदावर सगळंच गार असतं, आई."

"तसं नाही. तिनं मले समजावून सांगतलं. भिंत जाड, खिडकी लहान, ऊन आत येतच नाही. किती शिकली पोरगी!"

मी वाळा इतक्या जोरात कोंबला की जाळीची तार वाकली. सासूबाईंनी कपात उरलेला चहा बशीत ओतला आणि फुंकर घालत त्या तो प्यायल्या. सकाळचा चहा त्या खाली माझ्याकडे घेत आणि रात्रीचं जेवण वरच्या मजल्यावर, धाकट्या सुनेकडे, म्हणजे मृण्मयीकडे, जेवत. त्यामुळे आदल्या रात्रीचं कौतुक मला सकाळी ताजं ताजं मिळायचं. भाजीला फोडणी कशी दिली इथपासून ते नकाशात पायरी कुठे घेतली इथपर्यंत.

ही अकोल्याची गोष्ट, भारनियमनाच्या काळातली. आमच्याकडे मार्च संपता संपता कूलर माळ्यावरून खाली उतरतात. त्या वर्षीही उतरले, पण नुसत्या रिवाजापुरते. भर दुपारी वीज जायची ती उन्हं कलल्यावर उगवायची, शिवाय सकाळी-रात्रीही मधूनच गुल व्हायची. जनता वाचनालयाच्या जुन्या इमारतीत तर वाचक पुस्तक वाचण्यापेक्षा पुस्तकानं वारा जास्त घेत. म्हणून कार्यकारिणीनं नवी इमारत बांधायचं ठरवलं, आणि ठराव असा केला की ती विजेवाचूनही थंड राहिली पाहिजे.

ती इमारत माझी होती. म्हणजे कागदोपत्री नव्हती, पण वाचनालयाचे अध्यक्ष बापूसाहेब खोटरे वकील एका लग्नाच्या पंगतीत जिलेबी मोडता मोडता मला म्हणाले होते, "नवं वाचनालय तुमच्याच हातून होईन, उज्ज्वलाबाई." तेव्हापासून मी ती मनात बांधत होते. 'मानकर अँड असोसिएट्स' अशी माझी पाटी होती. असोसिएट्स म्हणजे मी आणि एक ड्राफ्ट्समन. आम्ही बंगले काढले, दुकानांचे गाळे काढले, दोन मंगल कार्यालयं काढली. बंगल्याला मालक आपल्या आईचं नाव देतो, गाळ्यांवर साडीच्या दुकानाची पाटी लागते. आर्किटेक्टचं नाव लागतं ते सार्वजनिक इमारतीच्या कोनशिलेवर. मला त्या दगडावर माझं नाव हवं होतं. उगाच मोठेपणा कशाला सांगू, समाजसेवा वगैरे नंतरची गोष्ट.

आणि नेमकी तेव्हाच माझ्या धाकट्या दिराला इथल्या कृषी विद्यापीठात नोकरी लागली आणि पुण्याहून बायकोसह तो घराच्या वरच्या मजल्यावर राहायला आला. बायको आर्किटेक्ट. कमी विजेत चालणाऱ्या इमारती हाच तिच्या मोठ्या पदवीचा विषय. बापूसाहेबांना कुणीतरी हे सांगितलं. ते म्हणाले, "एकाच घरात दोन दोन आर्किटेक्ट! मग दोघींचेही नकाशे पाहू ना."

"ताई, तुम्हाला चालेल ना?" मृण्मयीनं मला विचारलं होतं.

"न चालायला काय झालं?" मी म्हणाले. तेव्हापासून मला धड झोप नव्हती.

रविवारी सकाळी जुन्या वाचनालयाच्या दालनात बैठक भरली. लांब टेबल, भोवती कार्यकारिणीतली मंडळी, बहुतेक सगळी पेन्शनर. माझा नकाशा आधी पाहिला गेला. दर्शनी बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच, आत वातानुकूलन, मागच्या बाजूला आवाज न करणारा जनरेटर.

"नागपूरसारखं वाटते हो," एक सदस्य म्हणाले. मी विनयानं मान खाली घातली.

मृण्मयी उठली, नकाशा भिंतीला टाचला आणि तिनं तोंड उघडलं तेवढ्यात वीज गेली. डोक्यावरचे पंखे कण्हत कण्हत थांबले. मी मनात म्हटलं, आता बोल.

"बरं झालं," मृण्मयी हसून म्हणाली. "आता मला जास्त समजावून सांगावं लागणार नाही."

सगळे हसले. हे वाक्य मला सुचलं असतं तर मी आयुष्यभर मिरवलं असतं. ते तिला सुचलं, तेही उभ्या उभ्या.

मग ती बोलत गेली आणि मंडळी रुमालानं वारा घेत ऐकत गेली. पश्चिमेचं ऊन सगळ्यांत वाईट, म्हणून तिकडे तिनं जिना, संडास आणि जुन्या वर्तमानपत्रांची खोली टाकली होती. ऊन त्यांनी सोसायचं. वाचनाचं दालन उत्तरेला, तिथे दिवसभर दिवा न लावता वाचता येईल असा सौम्य उजेड. दोन भिंती, मध्ये हवेची पोकळी. गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचा थर, म्हणजे ऊन आल्या पावली परत. दिवसा सगळं बंद ठेवायचं, रात्री खालच्या आणि वरच्या खिडक्या उघडायच्या. खालून गार हवा येईल, वरच्या झरोक्यांतून गरम हवा निघून जाईल, भिंती रात्रभर निवतील आणि दुसरा दिवस संध्याकाळपर्यंत थंडावा देत राहतील.

"आणि जनरेटर?" बापूसाहेबांनी विचारलं.

"नको. दिवे आणि पंखे एवढीच वीज लागेल. ती गच्चीवरच्या सौर पाट्या देतील."

बापूसाहेबांनी खुर्चीतल्या खुर्चीत सरसावून बसत माझ्या नकाशाकडे पाहिलं आणि मग तिच्या. त्या नजरेचा अर्थ मला कळला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण आदल्या आठवड्यात मी झोपेचं खोबरं करून तिचा नकाशा तिच्यापेक्षा जास्त वेळा पाहिला होता. सासूबाईंना दाखवायला म्हणून ती एक प्रत खाली ठेवून गेली होती. प्रत्येक रेघ मी तपासली होती. आईसुद्धा आपल्या लेकराला इतकं निरखून पाहत नसेल. त्यात मला एकच भोक सापडलं होतं, आणि ते मी जपून ठेवलं होतं.

"एक विचारू?" मी म्हणाले. "रात्री खिडक्या कोण उघडणार?"

"शिपाई जाताना उघडून जाईल, ताई. बाहेरून जाळी आहे. सकाळी आला की बंद करेल."

"बापूसाहेब, हिला आपल्या ज्ञानकोशांचं काय झालं ते सांगा."

बापूसाहेबांचा चेहरा कुणी गेल्यासारखा झाला. "काय सांगू पोरी. एका उन्हाळ्यात दोन खिडक्या उघड्या राहिल्या अन् रात्रीतून वळवाचा पाऊस आला. कोशांचे सगळे खंड भिजून गेले. पानं सुटी करून आम्ही दोरीवर वाळत घातली. तेव्हापासून सात वाजले का मी सोता येतो आणि एक न् एक कडी ओढून पाहतो. खिडकी उघडी टाकून या वाचनालयातून कोणी घरी जात नाही. मी जिता असेपर्यंत तर नाहीच."

"म्हणजे तुझ्या जाड भिंती रात्रभर बंद खोलीत उकडत राहणार," मी म्हणाले. "तिसऱ्या दिवशी आपण आत शिरू ते भट्टीत. माझ्या काचा बऱ्या मग."

मृण्मयी नकाशाकडे पाहत राहिली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी पदरानं तोंड पुसलं.

"हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "ताई म्हणतात ते बरोबर आहे."

बापूसाहेबांनी निर्णय दिला. पुढच्या रविवारपर्यंत तिनं उत्तर आणावं, नाहीतर माझा नकाशा मंजूर.

घरी येताना मी पेढे घेतले आणि घराच्या कोपऱ्यावर भानावर येऊन पर्समध्ये दडवले.

त्या आठवड्यात वरच्या मजल्यावर दिवा नसेल तेव्हा मेणबत्ती दिसायची. सासूबाई सकाळी चहा पिताना म्हणायच्या, "बिचारी जेवलीसुद्धा नाही धड. पण हटणारी नाही हो ती." मी साखर टाकायला विसरायचे.

शुक्रवारी संध्याकाळी मी गच्चीवर पाणी शिंपडत होते. उन्हाळ्यात आमच्याकडे हे रोजचंच. दिवेलागणीला गच्चीवर पाणी मारायचं, वाफा निघून गेल्या की गाद्या घालायच्या, आणि झोपायला वर येताना खालची दारं-खिडक्या सताड उघडी टाकून यायचं. मृण्मयी जिन्यात येऊन उभी राहिली.

"ताई, एक विचारू? आपलं घर सकाळी इतकं गार कसं असतं? भिंती तर साध्याच आहेत."

"रात्रभर उघडं असतं म्हणून."

"आणि वळीव आला तर?"

"आला तर आपण असतो ना इथे. पहिला थेंब अंगावर पडला की उठायचं, गाद्या गोळा करायच्या आणि खाली धावत जाऊन खिडक्या लावायच्या. घरात माणसं असतात, मृण्मयी. तुझ्या वाचनालयात रात्री कोण असणार? भुतं?"

ती कठड्याशी गेली. रेल्वे स्टेशनाच्या बाजूला तेवढा उजेड होता, बाकी सगळं गाव अंधारात होतं. खालच्या रस्त्यानं चार-पाच पोरं पोरी वह्या, सतरंज्या काखोटीला मारून तिकडे निघाली होती.

"हे कुठे निघाले?"

"स्टेशनावर. तिथे दिवे जात नाहीत. फलाटावर बसून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. पहाटेपर्यंत." बादली रिकामी झाली होती. मी ती आपटून खाली ठेवली आणि मनातलं ओठावर आलं. "माणसंच हवी असली तुला तर त्यांनाच ने वाचनालयात. म्हणावं, या बाबांनो, आमच्या खिडक्या राखायला या!"

टोमणा चांगला बसला असं मला वाटलं. मृण्मयी माझ्याकडे बघत राहिली, मग रस्त्याकडे, मग परत माझ्याकडे. आणि न बोलता जिना उतरून गेली. दुखावली असेल, मी म्हटलं. त्या रात्री मला छान झोप लागली.

रविवारी तिनं नवा नकाशा टाचला. बहुतेक सगळं तेच होतं. फक्त वाचनाच्या दालनाला रस्त्याच्या बाजूनं एक वेगळं दार आलं होतं आणि त्यावर लिहिलं होतं, 'रात्र अभ्यासिका'.

"उन्हाळाभर हे दालन रात्री बंद करायचंच नाही," ती म्हणाली. "संध्याकाळी वाचक जातील तेव्हा स्टेशनावर बसणारी मुलं इथे येतील. दिवे सौर पाट्यांनी दिवसा भरलेल्या बॅटरीवर, त्यामुळे भारनियमनाचा प्रश्न नाही. पुस्तकांची कपाटं मधल्या दारानं बंद. खिडक्या उघडायच्या ते उघडतील, कारण त्यांनाच उकडणार आहे. वळीव आला तर लावतील, कारण वह्या त्यांच्याच भिजणार आहेत. सकाळी बंद करून घरी जातील. म्हणजे बापूसाहेब, तुमचा नियमही मोडत नाही. खिडकी उघडी टाकून कुणीच घरी जाणार नाही."

बापूसाहेब आ वासून बघत राहिले. मग त्यांनी टेबलावर थाप मारली. "कसं सुचलं गं तुले हे?"

"मला नाही सुचलं. ही कल्पना ताईंची आहे. पुन्हा सांगते, ताईंची."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माझ्या डोळ्यांपुढून तो दगड सरकत चालला होता, कोरलेल्या नावासकट, आणि वरून मला हारतुरे मिळत होते.

"माझी नाही," मी ताडकन म्हणाले.

"असं कसं, ताई, शुक्रवारी गच्चीवर—"

"ती कल्पना नव्हती. तो टोमणा होता! मी हिला टोमणा मारला!"

सगळं दालन खदाखदा हसलं. बापूसाहेबांनी तर डोळे पुसले. "पाहा," ते म्हणाले, "केवढा हा मोठेपणा! श्रेय घ्यायला तयार नाही बाई. जावा असाव्या तर अशा."

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं. जितकं सांगावं तितकी माझी थोरवी वाढत गेली. खरं बोलून माणूस इतका खोटा पडलेला मी तरी पाहिला नाही. मृण्मयीचा नकाशा एकमतानं मंजूर झाला, आणि गावभर आमच्या जावाप्रेमाचे दाखले सुरू झाले. हळदीकुंकवाला बायका मला म्हणायच्या, "आमच्या थोरल्या जाऊबाईंना जरा शिकवा की हो." मी अत्तर लावून घ्यायचे आणि दातांत दात धरून हसायचे.

इमारत झाली. कोनशिला बसली. तिच्यावर 'वास्तुरचना : मृण्मयी मानकर' असं कोरलं होतं, आणि खाली बारीक अक्षरांत 'प्रेरणा : सौ. उज्ज्वला मानकर'. प्रेरणा ही जागा सहसा वारलेल्या माणसाला देतात. त्या समारंभात मी उभी होते, चांगली धडधाकट.

माझी एक आशा अजून जिवंत होती. मे महिना यायचा होता. कागदावर सगळंच गार असतं, असं मी म्हटलं होतं, आणि माझी खात्री होती की भर मे मध्ये ती इमारत तोंडघशी पडेल. मी वाट पाहिली. एक दुपार अशी उगवली की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि कुत्रीसुद्धा गटारात बसली होती. वीज नव्हती. मी छत्री घेतली आणि निघाले.

दार ढकलून आत पाऊल टाकलं आणि थांबले. घामानं ओली झालेली पाठ हळूहळू गार पडत गेली. उत्तरेच्या उंच खिडक्यांतून दुधासारखा उजेड येत होता. म्हातारी माणसं वर्तमानपत्रं वाचत होती. कुणीही वारा घेत नव्हतं. मी भिंतीला तळवा लावला. माठाला लावावा तसा लागला. मी दुसरी भिंत पाहिली. मग तिसरी. पश्चिमेच्या जिन्यात जाऊन आले, तिथे मात्र चांगलंच उकडत होतं, तिनं सांगितलं होतं तसंच.

"कुठे गरम लागतंय का, ताई?"

मृण्मयी कोपऱ्यातल्या बाकावर बसली होती. मी काय करते आहे ते तिनं सगळं पाहिलं होतं.

"नाही," मी म्हणाले. माझे डोळे एकदम भरून आले. हेव्यानंच आले, दुसरं काही समजू नका. इतकी चांगली इमारत, आणि ती मी केलेली नव्हती.

तिनं बाकावर जागा करून दिली. मी छत्री पायाशी ठेवून तिच्याशेजारी बसले.

"एक खरं सांगू?" ती म्हणाली. "मला हे काम वाचनालयासाठी नव्हतं हवं. मला तुम्हाला हरवायचं होतं."

"मला?"

"मी आले त्या दिवसापासून आई मला तुमचंच ऐकवतात. उज्ज्वलानं घातलेला स्लॅब गावात कधी गळला नाही. उज्ज्वलाला मिस्त्री टरकतात. मुलं लहान होती तेव्हा पाळण्याची दोरी पायाला बांधून नकाशे काढायची उज्ज्वला, तुला एवढ्यात दम लागतो? रोज. रात्रीच्या जेवणाला. माझा घास घशाखाली उतरत नसे."

मी तिच्याकडे बघत राहिले. पाळण्याची दोरी पायाला बांधायचे हे माझ्याही लक्षात नव्हतं. सासूबाईंनी ते पाहिलं होतं? त्यांनी मला आजवर एका शब्दानं बरं म्हटलं नव्हतं.

"मृण्मयी," मी म्हणाले, "सकाळी चहाला मला काय मिळतं माहितेय?"

मी तिला सांगितलं. जाड भिंत, लहान खिडकी, फोडणी, पदवी, मेणबत्ती, सगळं. ऐकता ऐकता तिनं तोंडावर हात धरला. त्या शांत दालनात आम्ही दोघी हसू दाबता दाबता बाकावरून घसरायच्या बेतात आलो, तेव्हा एका आजोबांनी भिंतीवरच्या 'शांतता राखा' कडे बोट दाखवलं.

घरी आलो तर सासूबाई ओट्यावर बसून चिंचा फोडत होत्या. आम्ही दोघी त्यांच्यापुढे उभ्या राहिलो आणि जाब विचारला. त्यांनी मान वर केली नाही.

"मग? तोंडावर कौतुक केलं का सुना शेफारतात. दोघींचं काम नीट झालं ना? चिंचोके उचला थोडे."

मृण्मयी वर गेल्यावर मी हळूच म्हणाले, "आई, आता कळलंच आहे तर माझ्याबद्दल एखादा शब्द मलाच सांगा ना."

"तुले कायले?" त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं चिंचेची शीर ओढता ओढता पुढे म्हणाल्या, "पण मृण्मयीचं वाचनालय काय गार झालं हो!"

सगळं गुपित ठाऊक असूनही ते मला नको तिथे झोंबलं.

सासूबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांनी शेवटपर्यंत आपला नियम मोडला नाही. मी नंतर शाळा काढल्या, एक दवाखाना काढला. काच कुठेच लावली नाही. त्यांच्या कोनशिलांवर माझं नाव आहे, मोठ्या अक्षरांत आहे. पण मे महिन्यात एखादी दुपार फारच तापली की मी छत्री घेऊन वाचनालयात जाते. मृण्मयी त्याच बाकावर असते. मी इकडचं तिकडचं बोलते आणि मग विचारते, "आई अजून काय म्हणायच्या गं माझ्याबद्दल?"

ती एखादी गोष्ट सांगते. एकच. मी कितीही मागितलं तरी त्या दिवशी दुसरी सांगत नाही. तिच्याकडे त्या भरपूर शिल्लक आहेत, हे मला पक्कं ठाऊक आहे.

पण तिच्याबद्दलच्या सगळ्या माझ्याकडे आहेत. आणि मीही तिला एका वेळी एकच देते.